एका बापाच्या दोन लेकी

पाहुण्यांसमोर चुरूचुरू बोलणारी लेक आणि आत सगळ्यांच्या चहापाण्याचं बघणारी लेक, अशी जोडी पुष्कळ घरांत असते. कौतुक पहिलीच्या वाट्याला येतं. अडीनडीला हाक मात्र दुसरीला मारली जाते. हे फक्त माणसांतच घडतं असं समजू नका. मोटारगाड्यांच्या खानदानातही अशा बहिणी होऊन गेल्यात. त्यातल्याच दोघींची ही गोष्ट. माहेर इंग्लंडचं, आडनाव बेंटले.

पहिली शर्यतीची. तिचं बारशाचं नाव लांबलचक आहे, पण जग तिला ‘ब्लोअर’ म्हणून ओळखतं. जन्म १९२९ चा. डोक्यावर छप्पर नाही, बॉनेटवर चामड्याचा पट्टा आवळलेला, अंगावर इंग्लंडचा तो गडद हिरवा रंग. दुसरी १९३० ची ‘एट लिटर’. ही सलून. सलून म्हटल्यावर लगेच न्हाव्याची खुर्ची डोळ्यांपुढे आणू नका! रेल्वेच्या बड्या साहेबांसाठी सलूनचा डबा जोडतात ना, त्या जातकुळीतला हा शब्द. बंद छपराची, चार दारांची, आत दिवाणखान्यासारखी गाडी म्हणजे सलून.

दोघी एकाच बापाच्या. पण गंमत अशी की, जी त्याला मुळीच नको होती तिनं जग जिंकलं, आणि जिच्यावर त्यानं जीव ओतला तिचं नावही आज फारसं कुणाच्या तोंडी नाही.

बापाचं नाव वॉल्टर ओवेन बेंटले. त्यांच्या ओळखीची माणसं त्यांना नुसतं ‘डब्ल्यू. ओ.’ म्हणत. गाडीचं आणि माणसाचं नाव एकच, म्हणून घोटाळा नको. आपण त्यांना बेंटलेसाहेब म्हणू. १८८८ साली लंडनमध्ये जन्म, नऊ भावंडांत शेंडेफळ. लहानपणापासून वेड एकच, आगगाडीच्या इंजिनाचं. त्यासाठी डॉनकॅस्टरच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली, हात काळे केले. पुढे भावाबरोबर फ्रेंच गाड्या विकायचा धंदा काढला. त्या गाड्यांत त्यांनी ॲल्युमिनियमचे पिस्टन बसवून पाहिले आणि त्यांचा वेग वाढवला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तेच ज्ञान विमानाच्या इंजिनासाठी कामी आलं. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. १९२१ मध्ये पहिली बेंटले गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिली.

स्वभावानं साहेब मितभाषी. जाहिरातबाजीची हौस नाही. पण नवी कंपनी, महाग गाडी, मग नाव कसं व्हायचं? त्याचं उत्तर फ्रान्समध्ये सापडलं. १९२३ साली ल माँ या गावी चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. दुपारी निघायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पळत राहायचं, रात्र काय नि पाऊस काय. एका बेंटलेमालकानं आपली गाडी तिथे उतरवायचं ठरवलं, तेव्हा साहेबांना हा शुद्ध वेडेपणा वाटला होता. चोवीस तास झोडपून घ्यायला गाड्या बनवलेल्या नसतात, असं त्यांचं म्हणणं. पण प्रत्यक्ष शर्यत पाहिली आणि माणूस बदलला. दुसऱ्याच वर्षी, १९२४ मध्ये बेंटले पहिली आली. पुढे १९२७, २८, २९ आणि ३० अशी सलग चार वर्षं. एकूण पाच विजय!

शर्यतीत गाडी टिकली की तिच्या टिकाऊपणाची जाहिरात आपोआप होते, हा साहेबांचा हिशेब. शर्यत हा त्यांच्यासाठी तमाशा नव्हता, तो परीक्षेचा हॉल होता. हे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

आता भांडणाकडे येऊ. बेंटले चालवणाऱ्या श्रीमंत, हौशी तरुणांची तेव्हा एक टोळीच जमली होती. ‘बेंटले बॉईज’ म्हणत त्यांना. त्यातला वूल्फ बार्नाटो हा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या आणि सोन्याच्या खाणींवर गबर झालेल्या बापाचा मुलगा. गडी सरे काउंटीकडून यष्टिरक्षणही करून आला होता. १९२६ मध्ये पैशाअभावी कंपनी बुडायला आली, तेव्हा यानंच पैसा ओतला आणि तो अध्यक्ष होऊन बसला. म्हणजे पाटी साहेबांच्या नावाची, पण तिजोरीची किल्ली बार्नाटोकडे.

दुसरा सर हेन्री बर्किन. घरचे त्याला ‘टिम’ म्हणत. नॉटिंगहॅमच्या लेसच्या धंद्यातलं हे श्रीमंत घराणं. गळ्यात ठिपक्याठिपक्यांचा रुमाल, अंगात बेफाम धाडस. टिमला वेग हवा होता आणि तोही तातडीनं. जर्मनीची मर्सिडीज आणि इटलीची मंडळी ‘सुपरचार्जर’ लावून पुढे जात होती. मग आपणच का मागे राहायचं?

सुपरचार्जर म्हणजे काय, तर लोहाराचा भाता. लोहार भाता मारतो, वारा जोरात आत जातो आणि निखारे फुलतात. इंजिनाचंही तसंच. ते स्वतःच्या ताकदीनं जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळेल. पण बाहेरून पंप लावून हवा आणि पेट्रोलची वाफ जबरदस्तीनं आत कोंबली, तर तेवढ्याच आकाराचं इंजिन कितीतरी जास्त ताकद देतं. फुंकतो तो ब्लोअर, म्हणून गाडीचं नावही तेच पडलं.

बेंटलेसाहेबांना ही कल्पना अजिबात पटली नाही. त्यांचं मत साधं होतं. जास्त ताकद हवी ना, मग इंजिन मोठं करा. पैलवानाची ताकद वाढवायची तर त्याला खुराक द्यावा, चाबूक मारून पळवू नये. कोंबलेल्या हवेनं उष्णता वाढते, पिस्टनवर, व्हॉल्व्हवर ताण येतो आणि आज ना उद्या काहीतरी फुटतं. आपल्या इंजिनाला भाता लावणं म्हणजे त्याचा मूळ स्वभावच बिघडवणं, अशी त्यांची भावना होती आणि आत्मचरित्रातही त्यांनी ती झाकून ठेवलेली नाही.

पण ऐकतो कोण! टिमनं सुपरचार्जरचा जाणकार ॲम्हर्स्ट व्हिलियर्स याला गाठलं. पैशासाठी डोरोथी पॅजेट ही धनाढ्य तरुणी पुढे आली. घोड्यांच्या शर्यतीचा नाद असलेली ही बाई. पुढे १९३४ मध्ये तिच्या ‘गोल्डन मिलर’ घोड्यानं ग्रँड नॅशनल आणि चेल्टनहॅम गोल्ड कप या दोन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षी मारल्या. घोड्यांवर लावावा तसा पैसा तिनं टिमच्या गाड्यांवर लावला. वेल्विनला वेगळं वर्कशॉप थाटलं गेलं. ल माँचा नियम असा की, गाडी बाजारात विकायला असली पाहिजे. म्हणून पन्नास ब्लोअर गाड्या बनवणं भाग होतं. त्याला बार्नाटोनं होकार दिला आणि साहेब हात चोळत राहिले. मालकीच हातात नाही, तर बोलून काय उपयोग?

इंजिनाची मूळ रचना बदलू द्यायला मात्र ते तयार नव्हते. त्यामुळे तो भाता बसवायचा कुठे, हा प्रश्न पडला. शेवटी तो रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या नाकाखाली, उघड्यावर टांगला गेला. एखाद्या मिशाळ माणसानं दातात काहीतरी घट्ट धरावं तसा तो दिसतो. आज ब्लोअरची हीच खूण झाली आहे. बापाच्या नकाराची ती निशाणी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

इकडे टिमचा हा उद्योग चालू असताना साहेब स्वतःच्या मनातली गाडी कागदावर उतरवत होते. तिला शर्यत जिंकायची नव्हती. ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर वेगानं जाताना आतल्या माणसांना आवाज म्हणून जाणवू नये, अशी गाडी त्यांना करायची होती. १९३० चा काळ लक्षात घ्या. शंभर मैल वेग म्हणजे तेव्हा मर्दुमकी होती. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर तेलाचे शिंतोडे आणि जीव मुठीत. साहेबांना तोच वेग घरच्या मंडळींना मागच्या गादीवर बसवून, गप्पा मारत गाठायचा होता.

आता दोघींना शेजारी उभं करून पाहू.

ब्लोअरचं इंजिन चार सिलिंडरचं, ४,३९८ सीसी. एट लिटरचं सहा सिलिंडरचं, ७,९८३ सीसी. आपल्याकडची छोटी कुटुंबाची गाडी ८०० ते १,२०० सीसीत भागवते, यावरून अंदाज करा. गंमत म्हणजे दोघींच्या पिस्टनची खालीवर होण्याची चाल अगदी एकच, १४० मिलिमीटर. सिलिंडर मात्र थोरलीचे १०० मिलिमीटर रुंद, धाकटीचे ११०. दोघींनाही दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन-दोन स्पार्क प्लग. खाण तशी माती म्हणतात, ते खोटं नाही. बाजारात विकलेल्या ब्लोअरला सुमारे १७५ अश्वशक्ती मिळायची, शर्यतीच्या गाडीला २४० पर्यंत. एट लिटर भाता न लावता दोनशेच्या वर जायची, तेही दम न लागता.

सगळ्यात बोलका फरक आहे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यात. हा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, दोघींच्याही इंजिनाच्या डोक्यावर आहे. तो फिरवायला ब्लोअरमध्ये उभा शाफ्ट आणि दातेरी चक्रं आहेत. दाते एकमेकांवर घासतात आणि कुरकुरतात. शर्यतीत त्याचं कुणाला काय! पण शांत गाडीत ती कुरकुर कशी चालणार? मग साहेबांना आपली रेल्वेतली उमेदवारी आठवली. वाफेच्या इंजिनाची चाकं एकमेकांना दांड्यांनी जोडलेली असतात, खालीवर होत जाणारे ते दांडे तुम्ही पाहिलेच असतील. त्याच धर्तीवर त्यांनी तीन दांडे जोडून कॅमशाफ्ट फिरवला. दाते गेले, आवाज गेला. डॉनकॅस्टरच्या कारखान्यात हात काळे केलेल्या पोरानं लंडनच्या सर्वांत श्रीमंत गाडीत आगगाडी बसवली होती! इंजिनाचे हादरे आत पोचू नयेत म्हणून ते रबरावर टेकवलं होतं.

चालवण्याचा अनुभव? ब्लोअरमध्ये क्लच डावीकडे, पण ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे. आपल्यापैकी कुणी सवयीनं पाय मारला तर ब्रेक लागायच्या ठिकाणी गाडी उसळी घेईल! गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबायचा, इंजिनाचा सूर कानानं जुळवायचा, नाहीतर गिअरपेटी बोंब मारणार. स्टिअरिंग जड, वारा तोंडावर, पेट्रोलची भूक राक्षसी. एट लिटरचं वजन अडीच टनांच्या घरात, पण वरच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं रांगायची आणि तिथूनच गिअर न बदलता शंभर मैलांकडे जायची, अशी तिची ख्याती होती.

आणि किंमत? कंपनी एट लिटरची फक्त चासी विकायची, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. त्याचे १,८५० पौंड. वरचा देखणा डबा गिऱ्हाइकानं आपल्या आवडीच्या कोचबिल्डरकडून, पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या त्या कारागिरांकडून, वेगळे पैसे मोजून बांधून घ्यायचा. त्या काळी छोटी ऑस्टिन सेव्हन गाडी दीडशे पौंडांच्या आत मिळायची, म्हणजे करा हिशेब! लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा, आत अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या, उत्तम कातडं. पागोट्यापासून जोड्यापर्यंत सगळं मापानं शिवल्यासारखं. दोन एट लिटर गाड्या त्यामुळे तंतोतंत सारख्या मिळणं कठीणच.

आता खरी कसोटी. १९३० ची ल माँची शर्यत. मर्सिडीजची एकच गाडी आली होती, पण ती चालवत होता रुडॉल्फ काराच्योला, त्या काळचा अव्वल शर्यतपटू. टिमनं ब्लोअर तिच्या मागे सोडली. सरळ रस्त्यावर तिला गाठताना त्याची चाकं कडेच्या गवतात गेली, टायरच्या चिंध्या उडाल्या, तरी पठ्ठ्या मागे हटला नाही, पुढे गेला. शर्यतीची सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच, १६ किलोमीटरच्या वर लांबीची वाट ६ मिनिटं ४८ सेकंदांत. सरासरी ताशी १४४ किलोमीटर! लोक वेडे झाले. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीज बंद पडली. मैदान मोकळं झालं.

मग ब्लोअर जिंकली का? नाही. दोन ब्लोअर पळत होत्या, दोघींची इंजिनं जळून-मोडून थांबली. गर्जेल तो पडेल काय, म्हणतात ना! पहिली आणि दुसरी आली ती बेंटलेच, पण साध्या इंजिनाची ‘स्पीड सिक्स’. साडेसहा लिटरची, भाता नसलेली, साहेबांच्या हिशेबानं बांधलेली. एट लिटरची ती सख्खी थोरली बहीण. त्याच दांड्यांच्या रचनेची, त्याच शांत चालीची. पहिली आलेली गाडी चालवत होते ग्लेन किड्स्टन आणि स्वतः बार्नाटो. बार्नाटो ल माँला तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला.

त्याच वर्षी मार्चमध्ये या बार्नाटोनं आणखी एक पैज मारली होती. कान शहरातून सुटणारी ‘ब्लू ट्रेन’ कॅलेच्या बंदरात पोचायच्या आत आपण मोटारीनं थेट लंडनमधल्या क्लबात जाऊन बसू, अशी. पैज शंभर पौंडांची. रात्रभर पाऊस-धुक्यातून फ्रान्स ओलांडून, खाडी बोटीनं पार करून तो क्लबाच्या दारात पोचला, तेव्हा ट्रेन कॅलेला यायला चार मिनिटं बाकी होती. आणि त्यासाठी त्यानं निवडलेली गाडी शर्यतीची नव्हती. ती होती स्पीड सिक्सचीच बंद सलून! लांबचा पल्ला, रात्रीची वेळ, वेळेवर पोचायची हमी हवी, तेव्हा शर्यतीतल्या त्या बहाद्दरानंही हाक मारली ती गप्प बसणाऱ्या बहिणीलाच.

ब्लोअरच्या नशिबी मोठा विजय शेवटपर्यंत आला नाही. सर्वांत जवळ ती पोचली १९३० च्या सप्टेंबरमध्ये, फ्रान्समधल्या पो इथल्या ग्रां प्री शर्यतीत. चिमुकल्या, हलक्या बुगाटी गाड्यांच्या झुंडीत ही चार आसनी धूड घुसवून टिमनं दुसरा नंबर काढला. बेंटले म्हणजे जगातला सर्वांत वेगवान मालट्रक, असा टोमणा बुगाटीच्या मालकाच्या नावावर सांगितला जातो. १९३२ मध्ये एकट्या चालकाची खास ब्लोअर घेऊन टिमनं लंडनजवळच्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी १३७.९६ मैलांचा, म्हणजे २२२ किलोमीटरचा विक्रम केला. दुसऱ्याच वर्षी ट्रिपोलीच्या शर्यतीत दुसऱ्याच बनावटीच्या गाडीच्या तापलेल्या नळकांड्यानं त्याचा हात भाजला आणि जून १९३३ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला.

आणि एट लिटर? तिची चूक एवढीच की, ती वाईट मुहूर्तावर जन्मली. १९२९ च्या शेवटी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदीची लाट युरोपात आली. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात एट लिटर उभी राहिली, तेव्हा जाणकारांनी माना डोलावल्या. रोल्स-रॉइसच्या ‘फँटम’ला तोडीस तोड, वेगात तर वरचढ. पण घ्यायला पैसे कुणाकडे? जेमतेम शंभर गाड्या बनल्या. १९३१ च्या जुलैमध्ये बार्नाटोनं हात आखडता घेतला आणि कंपनीवर सरकारी जप्तीसारखी पाळी आली.

नेपियर नावाची कंपनी बेंटले विकत घेणार आणि साहेब तिच्यासाठी नवी गाडी करणार, असं जवळजवळ ठरलं होतं. पण कोर्टात ऐनवेळी एका अनोळखी वित्तसंस्थेनं जास्त बोली लावली. तिच्या मागे कोण आहे, हे खुद्द साहेबांनाही काही दिवस ठाऊक नव्हतं. त्यांची पत्नी एका पार्टीहून घरी आली. तिथे कुणीतरी बोलता बोलता म्हणालं होतं, ‘आमच्या कंपनीनं नुकतीच ती बेंटले घेतली.’ तो माणूस रोल्स-रॉइसचा होता. स्वतःच्या नावाची कंपनी कुणाच्या घरात गेली, हे घरच्या माणसाकडून असं कानोकानी कळावं!

रोल्स-रॉइसनं पहिलं काम काय केलं असेल? एट लिटर बंद केली. आपल्याच घरात सवत कोण नांदवणार! करारामुळे साहेबांनाही काही वर्षं तिथेच नोकरी करावी लागली. ते स्वतः वापरत होते ती एट लिटर सलून कंपनीची मालमत्ता ठरली आणि तीही हातातून गेली. १९३५ मध्ये ते लॅगोंडा कंपनीत गेले, तिथे उत्तम इंजिनं केली. त्यातलंच एक पुढे ॲस्टन मार्टिननं वापरलं. १९७१ च्या ऑगस्टमध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आता थोडा आजचा जमाखर्च पाहू. इयान फ्लेमिंगनं १९५३ मध्ये जेम्स बाँडला जन्म दिला, तेव्हा त्याच्या हाती ब्लोअर बेंटलेच दिली. टिमची ती विक्रमी एकआसनी गाडी २०१२ मध्ये लिलावात सुमारे ४५ लाख पौंडांना गेली. बेंटले कंपनी १९९८ पासून जर्मनीच्या फोक्सवॅगनकडे आहे. या कंपनीनं २०१९ मध्ये आपल्या संग्रहातली टिमच्या शर्यतीची ब्लोअर सुटी करून, तिचा भाग न् भाग मोजून, हुबेहूब बारा नव्या ब्लोअर बनवायची घोषणा केली. बापाला नकोशी झालेली, एकही मोठी शर्यत न जिंकलेली लेक अशी पुन्हा बारा वेळा जन्माला आली.

साहेबांची एट लिटर सलूनही कंपनीनं २००६ मध्ये शोधून परत विकत घेतली. तिच्या आठवणीत काय झालं? साहेबांच्या एट लिटरच्या जुन्या क्रँकशाफ्टच्या चकत्या कापून शंभर नव्या आलिशान गाड्यांच्या हात टेकायच्या जागी एकेक बसवण्यात आली. एकीला बारा नवे जन्म, दुसरीला अस्थींची प्रतिष्ठापना!

इथपर्यंत हसून सोडता येईल. पण यापुढची गोष्ट मात्र मनाला लागते. जुन्या बेंटलेंचे भाव चढले आणि गिऱ्हाइकांना ल माँच्या हिरव्या उघड्या गाड्यांचं वेड लागलं, तेव्हा अनेक मालकांनी आपल्या जुन्या सलूनचे मूळ डबे उतरवून टाकले. कोचबिल्डरनं महिनोन्‌महिने घडवलेली ती दारं, ती लाकडी चौकट, ते छप्पर काढलं आणि त्याच चासीवर शर्यतीच्या धाटणीचा उघडा डबा चढवला. सलूनच्या लाकडी सांगाड्याला कीड लागते, दुरुस्ती महाग पडते, हे खरंच आहे. पण त्यापायी एट लिटरसह कितीतरी सलून गाड्यांचं मूळ रूप कायमचं गेलं. ज्यांनी शर्यतीचं मैदान कधी पाहिलं नव्हतं, त्या शर्यतीच्या वेषात मिरवू लागल्या. शांत मुलीला वेणी कापून, रंग फासून तमाशात उभं करावं तसंच की हे!

यात नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. शर्यतीची गाडी आपल्याला दोन-चार धाडसी पुरुषांची गोष्ट सांगते. सलून सांगते ती त्या काळच्या घराची. बायका लांब झग्यात गाडीत कशा चढत, मागच्या काचेवर पडदा का असे, ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये काच का असे, दारात नकाशा ठेवायला कप्पा कुठे असे, सुतार, लोहार, चर्मकार यांची कारागिरी कुठल्या उंचीला पोचली होती, हे सगळं त्या डब्यात लिहिलेलं असतं. इंजिन पुन्हा ओतता येतं. त्या हातांचं काम पुन्हा आणता येत नाही.

आपल्या देशात या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. पण अट आहे. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, डबा किंवा इंजिन यांत मोठी ढवळाढवळ केलेली चालत नाही. संस्थानिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून निघालेल्या जुन्या बंद गाड्या आपल्याकडे अजूनही आहेत. उघडी गाडी जास्त भाव खाते म्हणून त्यांची छपरं कापण्याचा मोह कुणाला होत असेल, तर त्यानं हा नियम आधी वाचावा.

थंडीच्या दिवसांत मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता अशा ठिकाणी जुन्या गाड्यांच्या रॅली निघतात. मुलांना घेऊन जरूर जा. गर्दी उघड्या, लालभडक गाडीभोवती असेल, मुलं तिथेच धाव घेतील. घेऊ द्या. फोटो काढून झाला की त्यांना जरा मागच्या रांगेत न्या. तिथे एखादी काळी किंवा करडी बंद सलून उभी असेल. मालकाची परवानगी घेऊन दाराच्या खालच्या उंबऱ्यावर बघा, डबा बांधणाऱ्या कारागिराच्या दुकानाची पितळी पट्टी तिथे असू शकेल. आतलं कातडं मूळचं आहे का, छप्पर कधी बदललंय का, एवढे दोन प्रश्न विचारा. मालकाचा चेहरा कसा खुलतो पाहा. दिवसभर त्याला गाडीचा वेग किती, एवढंच लोकांनी विचारलेलं असतं.